केसपेपरच्या खिडकीवर अडलेले डॉक्टर

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी दंतवैद्य आहे. बीडीएसच्या शेवटच्या वर्षी माझी झोप उडाली होती, हातात मिरर धरला की हात थरथरायचा. परीक्षेआधी ठरावीक पेशंट पूर्ण करायचा कोटा पुरा होत नव्हता. कवळीचे पेशंट आम्हीच शोधून आणायचो. कॉलेजसमोरच्या चहावाल्याच्या वडिलांना मी रिक्षाभाडं देऊन खुर्चीत बसवलं होतं. ऐन कवळी बसवून बघायच्या दिवशी ते गावी निघून गेले.

शेवटी मैत्रिणीनं शेजारच्या मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत मानसोपचारतज्ज्ञांकडे धाडलं. केसपेपरच्या खिडकीतल्या बाईंनी नाव, वय विचारलं आणि मग मोठ्यानं, ‘कुठं दाखवायचंय?’ मागे आमच्याच दोन ज्युनिअर उभ्या. मी म्हणाले, ‘स्किनला.’ केसपेपर घडी करून ॲप्रनच्या खिशात घातला आणि होस्टेलवर परत आले. पुढची आठ वर्षं मी कुणालाच दाखवलं नाही.

मेडिकलच्या मुलांचं तर याहून अवघड. मानसोपचाराचा रेसिडेंट, म्हणजे तिथंच पुढचं शिकणारा डॉक्टर, मेसमध्ये समोर जेवायला बसतो, तिथले सर उद्या वर्गावर येतात. त्यांच्यापुढे मन कोण मोकळं करणार?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. पाहणीतल्या एमबीबीएसच्या २५,५९० विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं. रेसिडेंटना आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास ड्यूटी आणि एक सुट्टी द्यावी, असंही त्यात म्हटलंय. ती सुट्टी आधी मिळू द्या. नाहीतर उपचाराला जायचं कधी? दंतच्या मुलांचा मात्र त्या पाहणीत समावेशच नव्हता.

आपल्याकडे दोन्ही शाखा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. त्या विद्यापीठानं कॉलेजबाहेरचे समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ नेमावेत, ज्यांचा अधिष्ठात्यांशी काही संबंध नसेल. नोंद नावानं न करता क्रमांकानं व्हावी, वेळ संध्याकाळी सातनंतरची असावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेलाच आहे. तो आमच्या मुलांनाही मिळावा. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्री आधार देतो, पण दर आठवड्याला समोर बसून ऐकणारं माणूसही लागतं.

येत्या प्रवेशांआधी याचं परिपत्रक काढावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक दंतवैद्य