पब निवडताना सायकलवाल्यांचाही विचार करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वीकेंडला पुण्यात कुठे बसायचं याच्या याद्या हल्ली सगळ्याच पेपरांत येतात, आपल्याही येतात, आणि त्यात म्युझिक कसं आहे, क्राफ्ट बिअर किती प्रकारची मिळते, रूफटॉप आहे का, वॅले पार्किंग आहे का सगळं असतं, पण सायकल कुठे लावायची हे काही मी अजून वाचलेलं नाही. हसू येईल काहींना, पण ऑफिसला, मंडईत, बँकेत रोज सायकलने जाणारी माणसं या शहरात अजून आहेत आणि तीही मित्रांबरोबर बसतात. तेव्हा पुढच्या वेळी यादी कराल तेव्हा तेवढं एक विचारून घ्या ही पहिली विनंती.

आमचा ग्रूप तसलाच आहे. रविवारी पहाटे लायक्रा घालून सिंहगड पायथ्याला जाऊन फोटो टाकणारे आम्ही नाही (त्यांच्याशी आमचं वैर नाही, उलट टायर कुठले घ्यायचे ते त्यांनाच विचारतो), आम्ही आपले कॅरियरला डबा बांधून कामावर जाणारे. कोणी बाणेरचा, कोणी कोथरूडचा, एक बिचारा हडपसरहून येतो. महिन्याकाठी भेटायचं म्हटलं की व्हॉट्सअॅपवर दोन दिवस नुसता काथ्याकूट चालतो कारण मेन्यू, रेट हे सगळं नंतर, आधी जागा बघताना आम्ही बघतो ते असं की परत येताना चढ किती, मोठे फ्लायओव्हर टाळून आतून रस्ता आहे का, त्या रस्त्याला रात्री लाइट असतात का आणि कुत्री किती. कुत्र्यांचं सांगतोय ते थट्टेने नाही, रात्री अकरानंतर काही गल्ल्यांमधून सायकल काढणं म्हणजे टोळी मागे लागणारच, आणि तेव्हा घाबरून जोरात पॅडल मारलं की आणखीच मागे लागतात, त्यापेक्षा खाली उतरून सायकल आपल्या आणि त्यांच्या मध्ये ठेवून शांतपणे चालायचं.

मेट्रोमुळे थोडी सोय झालीये हे कबूल करायलाच हवं. वनाज ते रामवाडी लाइन पूर्ण झाल्यापासून कोथरूडचा माणूस सायकल डब्यात घेऊन बंडगार्डन किंवा कल्याणीनगरला उतरू शकतो, घाम नाही, बसल्याबरोबर गप्पा सुरू. फक्त शेवटच्या गाडीवर लक्ष ठेवून उठावं लागतं आणि ते चांगलंच आहे, नाहीतर आमच्यातला एक जण उठायचं नावच घेत नाही.

खरी रड पोचल्यावर सुरू होते. मागच्या पावसाळ्यात शहराच्या पूर्वेच्या एका नव्या पबला गेलो (नाव घेत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच आहे). वॅलेवाला पोरगा धावत आला, काका सायकल इथे नाही लावायची, गाड्यांना अडचण होते. एका एसयूव्हीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात हे त्याला सांगून काय उपयोग, त्याची नोकरी. शेवटी आम्हाला मागे जनरेटरपाशी पाठवलं, तिथे रिकाम्या बाटल्यांचे क्रेट, खाली चिखल, आणि कुलूप अडकवायला खांब नाही की गज नाही, म्हणून सायकली एकमेकींनाच साखळीने बांधल्या. बाहेर येऊन बघतो तर एकीचा मागचा लाल लाइट गायब. दीड-दोनशेची वस्तू असेल पण रात्री मागचा लाइट नसताना नगर रोडने घरी जायचं म्हणजे काय ते जो जातो त्यालाच कळतं. आणि आत त्याच पबच्या भिंतीवर शो म्हणून जुनी काळी सायकल टांगलेली, फुलांची टोपली वगैरे लावून!

आता यावर पत्रं येतीलच की दारू पिऊन सायकल चालवता आणि वर स्टँड मागता. मुद्दा रास्त आहे. आमच्यातही यावर वाद होतो, एक जण दर वेळी कायदा काढतो की १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे ती मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमातली, आणि सायकल मोटार वाहन नाही. बरोबर आहे त्याचं, पण ड्रेनेजचं वर आलेलं झाकण कलम बघत नाही. जर्मनीत तर सायकलवाल्यालाही रक्तात १.६ प्रति हजार अल्कोहोलची हद्द आहे आणि ती ओलांडली तर कारच्या लायसनवरही गदा येऊ शकते. आमच्यात ठरलेलं असं आहे की जो सायकलने परत जाणार त्याने एक बिअर, तीही आल्या आल्या, मग फ्रेश लाइम सोडा. ज्याला जास्त घ्यायचीये त्याने सायकल घरी ठेवून यायचं आणि रिक्षाने जायचं.

१९ मे २०२४ ला कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण जीव गेले, त्यानंतर पबवर धाडी पडल्या, वेळा तपासल्या, वयाचे दाखले बघायला लागले. ते हवंच होतं. पण रात्री तिथून बाहेर पडणारी माणसं घरी जातात कशी हा प्रश्न तेव्हाही मागेच राहिला. नव्या पबला मेन रोडवर दिमाखात वॅले असतं, म्हणजे प्यायला येणाऱ्याने गाडी घेऊनच यावं अशीच सगळी व्यवस्था, आणि सायकलने किंवा चालत येणारा मात्र नकोसा.

याच पुण्यात थेटरांना सायकल स्टँड असायचे, बिल्ला घ्यायचा आणि निर्धास्त पिक्चर बघायचा. महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, पाठोपाठ अॅपवरच्या रंगीत सायकली आल्या आणि गेल्याही. सायकल ट्रॅक आहेत तिथे टेम्पो, भेळेच्या गाड्या नाहीतर विजेच्या डीपीची पेटी. ते सगळं सुधारेल तेव्हा सुधारेल, त्याची वाट बघत बसलो तर आमचं रिटायरमेंट येईल.

पण हॉटेल नाहीतर पबला परवाना देताना पाच-दहा सायकलींच्या स्टँडची अट घालायला ना निधी लागतो ना टेंडर. स्टँड वॉचमनच्या खुर्चीवरून दिसेल असा हवा, जनरेटरमागे नको. आणि पुढचं चाक नुसतं अडकवायचे ते बुटके स्टँड कृपा करून बसवू नका, त्यात रिम वाकते आणि फ्रेमला कुलूप लावता येत नाही. जमिनीत पक्का रोवलेला उलट्या यू आकाराचा लोखंडी पाइप पुरे, कुठलाही फॅब्रिकेशनवाला दिवसभरात करून देईल.

आपला,
एक सायकलवाला, कोथरूड