धाकट्याला पुण्याला धाडू नका

आइंडहोवन, नेदरलँड्स

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

परवा चिडून तुम्ही फोन आईच्या हातात दिलात, म्हणून लिहायला बसले. तसंही फोनवर आपल्या दोघांचं कधी धड बोलणं झालंय? धाकटा नोकरी सोडून बेदाणा निवडायचं मशीन करायचं म्हणतोय. त्यावर तुमचं एकच पालुपद, ‘कंपनीच काढायची तर पुण्यात काढ, तासगावात काय ठेवलंय?’ मला ते पटलं नाही. रागावू नका, पुढं वाचा.

तुम्ही उभी नोकरी किर्लोस्करवाडीत केलीत. १९१० साली तिथं काय ठेवलं होतं? बेळगावातली जागा सोडावी लागली आणि औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळ दिला, म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथं आले. निवडुंग आणि साप, एवढंच होतं. पण नांगर घेणारा शेतकरी आसपासच्या शिवारात होता. लोखंडी नांगरानं जमिनीत विष भिनतं, असं म्हणून सुरुवातीला लोक तो घेईनात, ही गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगायचात. मग त्याच माळावरून तुमचा पगार झाला आणि आम्ही शिकलो.

गंमत म्हणजे इथंही तेच साल आहे. फिलिप्सनं १८९१ मध्ये आइंडहोवनला बल्ब करायला घेतले आणि १९१० मध्ये कामगारांसाठी घरं बांधायला काढली. ती वस्ती अजून आहे. मात्र नव्वदच्या दशकात फिलिप्सनं हजारो माणसं कमी केली, १९९३ मध्ये इथला डाफचा ट्रक कारखाना दिवाळखोरीत निघाला, पुढं फिलिप्सची मुख्य कचेरीही ॲमस्टरडॅमला गेली. एका मोठ्या कंपनीच्या जिवावर राहिलं की असं होतं. तेव्हा नगरपालिका, इंजिनिअरिंग विद्यापीठ आणि कारखानदार एकत्र बसले, आणि नव्या छोट्या कंपन्यांना हात द्यायचं ठरलं.

चिप छापायची यंत्रं करणारी एएसएमएल १९८४ साली फिलिप्सच्या आवारातल्या शेडमधून निघाली, आज जगात तिचं नाव आहे. यंत्राचे बहुतेक भाग ती स्वतः बनवत नाही, बाहेरून घेते. त्यातले बरेच याच भागातल्या वर्कशॉपमधून येतात. मी आहे ते असंच एक वर्कशॉप. ऑर्डर आली की आम्ही शेजारच्या गावातून कोटिंग करून घेतो, तिथला माणूस आणखी कुणाकडून जिग, म्हणजे काम करताना भाग पकडून ठेवायचा साचा, करून घेतो. पैसा गावातून बाहेर पडायच्या आधी चार ठिकाणी थांबतो.

सगळं गोडगोड नाही हं. एएसएमएल वाढली तशी घरभाडी इतकी चढली की इथल्याच पोरांना इथं घर मिळेना. कंपनी बाहेर जाईल या धास्तीनं २०२४ मध्ये सरकारनं घरं, रस्ते, रेल्वे आणि शिक्षणासाठी अडीच अब्ज युरो काढले. म्हणून ‘गावासाठी कंपनी काढतोय’ असं कुणी म्हटलं की मी एकदम हुरळत नाही. त्याचं गिऱ्हाईक कुठं आहे आणि तो माल कुणाकडून घेणार, ते आधी विचारते.

धाकट्याला हेच विचारलं. त्यानं व्हिडिओ पाठवला. सावळजच्या शेडमध्ये बायका ट्रेपुढं बसून काड्या, काळे मणी वेचतायत. हिरव्यातून पिवळा बाजूला काढतात, कारण सौद्यात रंगावर दर ठरतो. त्याच्या मशीनचा कॅमेरा काळा मणी लगेच धरतो, पण हिरवा आणि पिवळसर यात गडबडतो, आणि धूळ बसली की पारच फसतो. एक मावशी नुसत्या बोटानं फिरवून सांगतात हा कुठल्या ढिगातला. आता सांगा, हे पुण्याच्या ऑफिसात बसून कसं दुरुस्त होणार? फ्रेम आणि बेल्ट तो कुपवाडच्या एमआयडीसीतून करून घेणार, आणि लहान बागायतदाराला मशीन विकायचं नाही, तासावर भाड्यानं द्यायचं म्हणतो. ते मला आवडलं. रंगावरून माल निवडणारं मोठं कलर सॉर्टर घ्यायची दोन-तीन एकरवाल्याची ऐपत कुठली!

एक गोष्ट मात्र मला खटकते. निवडणाऱ्या बायकांची रोजी जाईल. ‘त्यांना मशीनवर घेऊ,’ म्हणाला. दहा जणींच्या जागी दोघी लागणार असतील तर बाकीच्यांचं काय, यावर गप्प. म्हणून मी पैसे देणार आहे, पण अट घालून: पहिला हंगाम याच बायकांना सोबत घेऊन चालवायचा, मशीनला शिकवायला त्या मावशींना पगारी ठेवायचं, आणि हिशोबाची वही दर महिन्याला तुम्हाला दाखवायची. कारखान्यात स्टोअर सांभाळलंय तुम्ही, तुमच्या नजरेतून बोल्टसुद्धा सुटायचा नाही.

रविवारी तो कुपवाडला फ्रेमचं कोटेशन आणायला निघालाय. तुम्ही सोबत जा. पत्र्याचा गेज तुम्हीच बघा, त्याला त्यातलं काही कळत नाही.

आईला नमस्कार. तिच्या गुडघ्याच्या गोळ्या दिवाळीआधी कुणाबरोबर तरी पाठवते.

तुमची,
थोरली