चि. मेघास, भाषणाच्या विषयाबद्दल

शहापूर, बेळगाव

चि. मेघा हिस अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन झाल्याबरोबर आई वडगावच्या आत्तीला सांगायला निघाली, आमची मेघा बेंगळूरला वेब डिझाइनवाल्यांच्या सभेत बोलणार म्हणून. मी घरीच होतो, पण आनंद मलाही तेवढाच झालाय. शनिवारपर्यंत विषय कळवायचाय आणि तू तीन विषयांत अडकलीस म्हणालीस. फोनवर मला धड बोलायला सुचत नाही, म्हणून लिहितोय.

आधी डोळ्यांचं सांगतो, मग ते बंद. मला काचबिंदू निघालाय हे आईनं सांगितलंच असेल. थेंब चालू आहेत. डॉक्टरांनी विचारलं, मुलं किती? आई-वडिलांना किंवा भावंडांना असला तर धोका वाढतो म्हणाले. दुखत-खुपत काही नाही, कडेची नजर हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही. राजूनं तपासून घेतलं. तूही डोळ्यांचा दाब बघून घे. झालं.

आता विषय. एआयवर बोलणारे त्या दिवशी आणखीही असतील, यंदाच्या रंगांवर बोलणारेही असतील. तुझ्या हातून जे गेलंय ते तू बोल. दिवाळीत तू आपल्या माडीवर बसून त्या पतसंस्थेची मराठी-कन्नड साइट दुरुस्त करत होतीस आणि मी मागे उभा राहून बघत होतो. ‘शर्ती मान्य’ लिहिलेल्या बटणात रफार आणि वेलांटी वरून कापली गेली होती. कन्नडचं बटण उघडलंस तर ‘ओप्पिगे’मधला खालचा ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षराचा खाली लटकणारा भाग, अर्धा गायब. चौकट इंग्रजीच्या मापानं आखलेली, तिथं आमची मात्रा मावायची कुठं? मथळ्यात तर कुणी तरी अक्षरा-अक्षरांत अंतर घातलं होतं. इंग्रजीला ते शोभतं, आपल्या शिरोरेषेचे तुकडे होतात. तू अंतर काढलंस, ओळींची उंची वाढवलीस, पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवलीस, आणि त्या फाँटमध्ये होते म्हणून मराठी वळणाचे ल आणि श उमटले. आजोबा असते तर तुझ्या पाठीवर थाप पडली असती.

त्यांच्या ट्रेडलवर, त्या पायानं चालवायच्या छापयंत्रावर, आपण लग्नपत्रिका छापायचो, एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कन्नड. कन्नडच्या दोन ओळींत शिसाची पट्टी जाड घालायची, हा त्यांचा नियम. पातळ पट्टी दिसली की जुळवलेला मजकूर परत सोडायला लावायचे. तू शाळेतून आलीस की स्टुलावर चढून केसमधले, म्हणजे त्या खणांच्या पेटीतले, खिळे, छपाईची शिशाची अक्षरं, चाचपायचीस. उलटी अक्षरं तुला सुलट्यांच्या आधी वाचता यायला लागली, आणि आजी तुझे हात दोनदा धुतल्याशिवाय खाऊ द्यायची नाही. शेवटी शेवटी ती भिंत धरून मोरीपर्यंत जायची. म्हातारपण म्हणायचे सगळे. तिचाही काचबिंदूच होता का, हे आता कोण सांगणार? म्हणून म्हणतो, दाब बघून घे. लिहिणार नव्हतो, लिहून झालं.

तर विषय एवढाच धर: एकाच पानावर मराठी आणि कन्नड नीट कशी बसवायची. पहिल्याच मिनिटाला ते कापलेलं बटण दाखव. इंटरनेटचा इतिहास सांगत बसू नकोस. समोरच्या किती जणांच्या घरात कन्नड बोलत असतील, आणि दिवसभर पानं मात्र इंग्रजीच्या मापानं आखत असतील. त्यांना स्वतःच्या आईचा मोबाईल डोळ्यांपुढं येऊ दे. आणि वेळ संपायच्या आत थांब.

रंगांचंही सांगावं असं मला फार वाटतं. तूच सांगितलं होतंस, वेबची पानं सगळ्यांना वाचता यावीत म्हणून केलेल्या 2008 च्या त्या नियमावलीत (WCAG 2.0) अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान 4.5 ला 1 असा फरक धरलाय, मोठ्या अक्षराला 3 ला 1. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षर आलं की मला हल्ली विजेचं बिल राजूकडून भरून घ्यावं लागतं. तरी ते यात घुसडू नकोस, दोन विषय होतील आणि एकही पुरा होणार नाही. तो पुढच्या भाषणाला ठेव.

बघ, शिकवायलाच लागलो. राग मानू नकोस, काम तुझं, निर्णयही तुझा. तू तिथं उभी राहणार म्हटलं की मला एकदम सगळंच सांगावंसं वाटतं. जेवण वेळेवर कर. त्या कंपनीतल्या डोळ्यांच्या शिबिरावर भागवू नकोस, तिथं नुसता चष्म्याचा नंबर बघतात. डॉक्टरकडे जाऊन दाब मोजून घे, डोळ्यांच्या मागची नसही बघायला सांग.

कुंदा राजूबरोबर पाठवतोय, त्यातला अर्धा ऑफिसात वाट.

आणि एक. स्लाइडवरचे कन्नडचे नमुने तुझ्या त्या धारवाडच्या मैत्रिणीकडून अक्षरन् अक्षर वाचून घे. तुला कन्नड येतं हे मला माहीत आहे, तरी घे. आजोबांना आयुष्यभर कन्नड बोलता यायचं, पण कन्नडचं प्रूफ ते गल्लीतल्या मास्तरांकडून तपासून आल्याशिवाय मशीनवर चढवत नसत.

तुझे
पप्पा