स्वल्पविरामाआधी अर्थ शिकवा

महोदय,

ठाण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या सूचना हल्ली इंग्रजीतच निघतात. आमच्या भागातल्या एका नोटीस बोर्डावर मध्यंतरी वाचले, ‘मेंबर्स, हू हॅव नॉट पेड मेंटेनन्स, विल नॉट गेट पार्किंग.’ ज्यांनी मेंटेनन्स भरला नाही त्यांनाच पार्किंग नाकारायचे होते, पण दोन स्वल्पविरामांनी सगळेच सभासद थकबाकीदार ठरले! ते काढले, तर ‘हू’पासूनचा भाग ‘कोणते मेंबर?’ याचे उत्तर देतो. हा डिफायनिंग क्लॉज. स्वल्पविरामांच्या आत तो नुसती जादा माहिती उरतो, म्हणजे नॉन-डिफायनिंग.

मराठी मुलांना हे का अडते, याचा विचार वर्गात क्वचितच होतो. आपल्याकडे ‘ज्या सभासदांनी… त्यांना’ ही जोडीच निवड करून टाकते, आणि जादा माहिती द्यायची तर आपण सरळ वेगळे वाक्य करतो. स्वल्पविराम द्यायचा राहिला म्हणून सहसा काही बिघडत नाही. मग इंग्रजीतलाही मुलांना शोभेचाच वाटणार.

त्यात वर्कबुकातला प्रश्न ठरलेला, ‘जॉइन युजिंग हू ऑर विच’. दोन वाक्ये जोडली की मार्क मिळतात; अर्थ काय झाला, हे कोणी विचारत नाही. खरे तर कसोटी सोपी आहे. ‘हू’ किंवा ‘विच’पासूनचा भाग बोटाने झाकून वाक्य वाचायचे. कोणाविषयी बोलणे चालले आहे ते तरीही नेमके कळले, तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. ‘ठाणे स्टेशन, विच ओपन्ड इन १८५३, इज ऑल्वेज क्राउडेड’ यात ते हवेतच, कारण ठाणे स्टेशन एकच आहे. विशेषनामांचे बहुधा असेच असते. आणि इथे ‘विच’च्या जागी ‘दॅट’ चालत नाही, हेही सांगायला हवे.

शिक्षकांना आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन वाशी इज अ डॉक्टर’ हे वाक्य एकदा स्वल्पविरामांसह द्या, एकदा त्यांच्याविना, आणि विचारा, कोणत्या वाक्यातल्या माणसाला एकच भाऊ आहे? उत्तराचे कारणही लिहायला सांगा, आणि मार्क त्या कारणाला द्या.

– एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे