सोन्याच्या कोर्सचं काय करायचं

व्हँकुव्हर
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

फराळाचं पार्सल मंगळवारी मिळालं. चकल्यांचा भुगा झाला होता, तो दह्यात कालवून खाल्ला. अनारसे मात्र शाबूत आले. ऑफिसात कुणाला द्यायचे नाहीत असं आधीच ठरवलं होतं आणि ते पाळलं, एवढं वहिनींना सांग.

आता सोन्याच्या कोर्सचं, म्हणजे तुझ्या लेकाला माझ्यासारखं सिनेमातल्या व्हिज्युअल इफेक्ट्सचं काम शिकायला घालायचं की नाही त्याचं. फोनवर तू "हो की नाही ते सांग" म्हणतोस. तुझी दुकानातली दुपार असते, इथे रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि मी काहीतरी अर्धवट बोलून बसते. साडेतीन लाख भरायचे, तेही पतपेढीचं कर्ज काढून, म्हणजे एका शब्दात उरकण्यासारखं हे नाही.

तू पाठवलेलं माहितीपत्रक वाचलं. पहिले सहा महिने रोटो आणि पेंट (म्हणजे चित्रातलं नको ते पुसून रंगवणं), मग सॉफ्टवेअर, मग 'शंभर टक्के प्लेसमेंट'. रोटो म्हणजे काय, हे मी अकरा वर्षांत तुला कधी धड सांगितलेलं नाही. नट मुंबईत उभा असतो आणि पडद्यावर तो बर्फात दिसायला हवा असतो. मग त्याला मागच्या भिंतीपासून कापून वेगळा काढायचा. कात्रीने फोटो कापतात तसंच, फक्त एका सेकंदाचे चोवीस फोटो असतात. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० वेळा कापायचं, आणि कापलेली कड एका फ्रेमला केसभर जरी हलली तरी पडद्यावर ती थरथरताना दिसते. मालाडच्या स्टुडिओत पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला एका बाईचे वाऱ्यावर उडणारे केस आले होते. सहा रात्री तेच. घरी येऊन डोळे मिटले तरी केसच दिसायचे.

हे काम अमेरिकेतून आपल्याकडे येत होतं ते आपण फार हुशार म्हणून नव्हे, स्वस्त म्हणून. त्यांची रात्र ती आपली सकाळ, हाही फायदा. मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर, सगळीकडे माझ्यासारखी हजारो पोरं त्याच दारातून आत आली. मी कशी आले ते विसरले नाही.

तेच दार आता अरुंद होत चाललंय. माणसाची साधी बाह्यरेषा मशीन, म्हणजे एआय, काही मिनिटांत कापून देतं. केस, धूर, पाण्याचे शिंतोडे यांत अजून गडबडतं. माझी मालाडची मैत्रीण आता तिथे लीड आहे. ती सांगत होती, पूर्वी नवी पोरं कापायची आणि ती तपासायची, आता मशीन कापतं आणि ती तपासते. नवी पोरं कुठे गेली म्हणून विचारलं, तर गेल्या वर्षी भरतीच झाली नाही म्हणाली.

पेपरात आलेल्या त्या इमारतीबद्दल तू विचारलं होतंस. ते खरं आहे. 'एल एतेर्नाउता' ही नेटफ्लिक्सची अर्जेंटिनातली मालिका, एप्रिलमध्ये आली. ब्यूनोस आयर्सवर विषारी बर्फ पडतो अशी गोष्ट, मूळ चित्रकथा १९५७ सालची. तिच्यात एक इमारत कोसळते, ते दृश्य एआयने केलंय. जुलैमध्ये नेटफ्लिक्सचे सहप्रमुख टेड सॅरंडॉस यांनी गुंतवणूकदारांपुढे सांगितलं की नेहमीच्या पद्धतीपेक्षा हे दहापट लवकर झालं, आणि तेवढ्या बजेटात एरवी ते परवडलंच नसतं. त्यातलं दुसरं वाक्य मला पटतं. एरवी तो शॉट लिहिलाच गेला नसता, म्हणजे त्या एका इमारतीपायी कुणाची नोकरी गेली असं म्हणता येणार नाही. पण पैसे देणाऱ्याच्या डोक्यात 'दहापट' तेवढं राहतं. आमच्या मीटिंगांमध्ये पुढच्याच आठवड्यापासून तो आकडा ऐकू यायला लागला.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. मालिकेचं नाव सांगता येत नाही, तशी सही केलेली आहे. जुन्या बाजारपेठेचा रस्ता, रात्र, पाऊस. मागच्या इमारती मशीनकडून काढून घेतल्या. पहिल्यांदा बघताना खरंच तोंडात बोट घातलं, इतकं सुरेख. मग दिग्दर्शकाची नोट आली : डावीकडची तिसरी खिडकी बंद हवी. एवढंच. मशीनला सांगितलं. खिडकी बंद झाली, पण शेजारच्या दुकानाची पाटी बदलली आणि दिव्याचा खांब दोन हात सरकला. पुन्हा सांगितलं. खांब जागेवर आला, खिडक्या मात्र चार झाल्या. मी विटांचे थर मोजले, शॉटच्या सुरुवातीला चौदा होते, शेवटी पंधरा. नवव्या खेपेला सुपरवायझर म्हणाला, सोड, हाताने कर. दीड दिवसात मी ती एक खिडकी रंगवून बसवली. मशीनला खिडकी म्हणजे काय ते कळत नाही, खिडकीसारखं दिसणारं काहीतरी ते दर वेळी नव्याने काढतं. आणि आमचा तर सगळा धंदाच 'ते तेवढं तसंच ठेवून हे एवढं बदला' यावर चालतो.

म्हणून मला माझ्या नोकरीची आज तेवढी धास्ती नाही. धास्ती आहे ती सोन्याच्या पहिल्या नोकरीची. विटा मोजायची खोड मला लागली ती सहा रात्री केस कापूनच. ते कापणंच मशीनकडे गेलं तर ही नजर पुढच्यांना कुठे मिळणार, याचं उत्तर इथेही कुणी देत नाही.

वहिनींनी विचारलं होतं, याला काही कायदाबियदा आहे की नाही. अमेरिकेत २०२३ साली लेखकांनी १४८ दिवस आणि नटांनी ११८ दिवस संप केला, त्यात एआय हा मोठा मुद्दा होता. (तेव्हा मी घरी बसून होते, आठवतंय ना? संप त्यांचा आणि रिकामे हात आमचे.) नटाची डिजिटल नक्कल करायची तर त्याची संमती घ्यायची आणि पैसे द्यायचे, हे तेव्हा करारात आलं. नेटफ्लिक्सनेही या ऑगस्टमध्ये निर्मात्यांसाठी नियम काढले. खऱ्या माणसाचा चेहरा किंवा आवाज वापरायचा असेल, तर आधी लेखी मंजुरी. आपल्याकडे काय झालं ते तू पाहिलंसच. 'रांझणा'च्या तमिळ आवृत्तीचा शेवट एआयने बदलून ऑगस्टमध्ये ती पुन्हा थेटरात लावली, मेलेला नायक जिवंत केला. दिग्दर्शक आनंद राय आणि धनुष दोघांनीही जाहीर निषेध केला, तरी सिनेमा लागलाच.

सगळंच वाईट आहे असंही नाही. 'द ब्रूटलिस्ट' या सिनेमात एड्रियन ब्रॉडीच्या हंगेरियन बोलण्यातले काही स्वर एआयने दुरुस्त केले. संकलक स्वतः हंगेरियन, त्याच्या कानाला ते खटकत होतं. लोकांनी केवढा गदारोळ केला! मला त्या संकलकाचं मन कळलं. हिंदी नट मराठी बोलताना 'डोळा'चा 'डोला' करतो तेव्हा बाबा टीव्ही बंद करायचे, तसंच ते.

तर पैशाचं. साडेतीन लाख भरू नकोस. त्यातली बटणं शिकवून होईतो ती जुनी झालेली असतील, आणि प्लेसमेंट कुठे देणार हे त्यांना लेखी विचार, बघ काय उत्तर येतं. पण सोन्याला 'यात राम नाही' असंही सांगू नकोस. चित्रं काढतोय तर काढू दे. कॅमेरा, लेन्स, उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते, हे त्याला फुकटात शिकता येईल. मी रविवारी तासभर देईन.

त्याआधी एक काम त्याला सांग. प्रीतिसंगमावर संध्याकाळी वारा असतो. आपल्या आईला तिथे उभं कर, पदर मोकळा सोडायला सांग आणि फोनवर सेकंदाला चोवीस फ्रेम ठेवून पाच सेकंद शूटिंग घे, फोन हलता कामा नये. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याची लिंक मी त्याला पाठवलीय. त्यातून आईला मागच्या नदीपासून कापून वेगळी काढायची. १२० फ्रेम, हाताने. मशीन वापरलं तर मला पदराच्या टोकावरून लगेच कळेल, हेही सांग. पंधरा दिवस दे. दहाव्या फ्रेमला कंटाळला तर प्रश्न मिटला. सगळ्या पुऱ्या करून अठ्ठ्याहत्तराव्या फ्रेमची कड चुकलीय म्हणून स्वतःच फोन केला, तर आपण पुढचं बोलू.

आईला शूटिंगचं कारण सांगू नका, नाहीतर ती ठेवणीतली पैठणी नेसून येईल आणि तो जड पदर काही हलायचा नाही.

बाबांच्या गुडघ्याचं कळव. मोठ्यांना नमस्कार.

तुझी,
छोटी