काकांच्या वेळची वही

पुणे, २४ नोव्हेंबर

प्रिय सुधीर,

स. न. वि. वि.

दिवाळीत तुझा फोन आला, तो मी घेतला नाही आणि नंतर केलाही नाही, याबद्दल आधी क्षमा मागतो. माझी प्रकृती ठीक आहे. आई परवा रुग्णालयातून घरी आली. जुलैपासून ही चौथी वेळ. दुसऱ्या कोणाला हे लिहिले असते तर त्याने डॉक्टर कोण, असे विचारले असते; तू विचारशील की पाणी कोण पाजत होते.

पाणी मी पाजत होतो, चहासुद्धा. अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा आम्ही तासाभरात पोहोचलो, साडेचार तासांच्या मुदतीत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळाले, डावा हात हलू लागला आणि नवव्या दिवशी डिस्चार्ज मिळाल्यावर आम्ही वाड्यात पेढे वाटले. चार पानी कागदावर गोळ्या होत्या, पुढच्या तपासणीची तारीख होती, आणि तिसऱ्या पानावर इंग्रजीत एकच ओळ होती की पातळ पदार्थ घट्ट करून द्यावेत. ती ओळ कोणी समजावून सांगितली नाही आणि मीही ती वाचली नाही. आईला चहा बशीतूनच लागतो, हे तुला काय सांगायचे! उशीला टेकवून, अर्धवट आडवी असतानाच मी तिला बशी लावत असे. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा ओघळे, तो पंच्याने टिपत असे. ठसका लागत नसे, म्हणून वाटे की नीट उतरतो आहे. तो फुप्फुसात उतरत होता. घशाची संवेदना मंदावली की ठसकाही लागत नाही, हे मला अकराव्या दिवशी, न्यूमोनिया झाल्यावर, अतिदक्षता विभागाच्या दारात समजले. झटक्यानंतर सुरुवातीला जवळजवळ अर्ध्या रुग्णांना गिळण्याची अडचण असते, असे तिथल्या स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या. ताठ बसवायचे, हनुवटी छातीकडे झुकवायची, एका वेळी एकच चमचा द्यायचा आणि नंतर अर्धा तास आडवे करायचे नाही, एवढे शिकवायला त्यांना दहा मिनिटे लागली. ती दहा मिनिटे पहिल्या डिस्चार्जच्या दिवशी मिळाली असती तर, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

त्याच बाईंनी घशाच्या व्यायामासाठी आईला कोणतेही नाव मोठ्याने उच्चारायला सांगितले, तेव्हा तिने जिन्याखाली हाक मारावी तसे "सुध्या!" म्हटले. आम्ही सगळे हसलो आणि मग मला बाहेर जावे लागले.

पुढे मी इतका धास्तावलो की पाणीच कमी देऊ लागलो. सप्टेंबरात ती मला "दादा" म्हणू लागली, मामाला म्हणायची तसे. पुन्हा झटका आला असे समजून आम्ही धावलो, तर लघवीचा संसर्ग निघाला. या चौथ्या वेळी, रक्तदाब १२०/८० आला म्हणून ताईने गोळी थांबवली होती. तो गोळीमुळेच तेवढा होता, हे तिच्या ध्यानात आले नाही. मी तिला एका शब्दानेही बोललो नाही, कोणत्या तोंडाने बोलणार?

सुधीर, काका तिसऱ्यांदा दाखल झाले त्या संध्याकाळी अलका टॉकीजच्या चौकात मी तुला म्हणालो होतो, "तुम्ही घरी नीट पाहत नाही, म्हणून ते सारखे आत जातात." तू चहा तसाच ठेवून स्कूटर सुरू केलीस आणि वर्षभर माझ्याशी बोलला नाहीस. पुढे आपण बोलू लागलो, परंतु ते वाक्य मी कधी मागे घेतले नाही. आज घेतो. रात्री दोन वाजता माणूस छातीची घरघर ऐकत बसतो तेव्हा काय होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

चिन्मयीचे लग्न ठरल्याचे ताईकडून कळले, फार आनंद झाला. वहिनींच्या गुडघ्याचे काय झाले तेही कळव.

एक मागणे आहे. काकांच्या वेळी तू लाल पुठ्ठ्याची एक वही ठेवत असस, किती चमचे पाणी, किती लघवी, रक्तदाब, कूस केव्हा बदलली. ती अजून असेल तर कुरिअरने पाठव. आईला आता दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, आणि रात्रीच्या नोंदी तू कशा लिहीत होतास ते मला पाहायचे आहे.

तुझा,
विनायक