गळा समोरचाच हवा

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या नाट्यगृहात एका गाजलेल्या जुन्या चित्रपटावरून केलेले संगीत नाटक पाहिले. तिकीट सातशे रुपये. दुसऱ्याच गाण्यात नायिका पायरीवर अडखळली, पण स्वर तसूभरही हलला नाही. गाणी ध्वनिमुद्रित होती, ती नुसते ओठ हलवत होती. जाहिरातीत याचा कुठेही उल्लेख नव्हता. तीस वर्षे मुलांना गाणे शिकवले आहे, म्हणून हे फार लागले.

चित्रपट रंगमंचावर आणू नये, असे माझे म्हणणे अजिबात नाही. दिग्दर्शक फिरोज अब्बास खान यांनी २०१६ साली ‘मुघल-ए-आझम’ रंगमंचावर आणले, तो प्रयोग मी मुंबईत एनसीपीएच्या नाट्यगृहात पाहिला. १९६०च्या चित्रपटात चेहरा मधुबालाचा आणि आवाज लताबाईंचा. इथे प्रियांका बर्वे अनारकली म्हणून उभी राहिली आणि ‘प्यार किया तो डरना क्या’ स्वतः गायली. (गायिका मालतीबाई पांडे-बर्वे यांची ही नात.) लताबाईंशी तुलना मनात आलीच नाही. दोन ओळींमधला तिचा श्वास ऐकू येत होता, आणि अकबरासमोर उभ्या राहिलेल्या मुलीची छाती कशी धडधडत असेल ते त्या श्वासातून कळत होते. पडद्याने वेगळे केलेले देह आणि आवाज रंगमंचाने पुन्हा एकत्र आणले.

आपल्याला हे नवे नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकात वसंतराव देशपांडे खाँसाहेब या गवयाच्या भूमिकेत स्वतः गात. पुढे त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनीही ती भूमिका रंगमंचावर गाऊन केली. २०१५च्या चित्रपटात मात्र राहुल यांचा आवाज सचिन पिळगावकरांच्या मुखी आला. पडद्यावर ते शोभले, कारण तिथला तो रिवाजच आहे. नाटकाने तो रिवाज कशासाठी उचलायचा?

निर्मात्यांना कळकळीची विनंती आहे. गायन प्रत्यक्ष की ध्वनिमुद्रित, ही एक ओळ जाहिरातीत आणि तिकिटावर छापा. वाद्यमेळ मुद्रित असला तरी मी समजून घेईन. ऑर्गन, तबला, व्हायोलिनवाल्यांना घेऊन दौरे करणे किती महाग पडते, याची कल्पना आहे. पण नायिका निवडताना आधी तिला गायला सांगा. गाणाऱ्या मुली गावोगावच्या गायन वर्गांत आहेत. माझ्याच वर्गातून कितीतरी जणी गेल्या, त्यांना कुणी नाटकासाठी विचारायला आले नाही.

– एक निवृत्त संगीतशिक्षिका